रक्त पोहोचवणे आणि जखम भरणे: काळवंडलेल्या पायाच्या उपचारांची सांगड

नागपूरच्या रुग्णालयांत काळे बोट आणि न भरणारी जखम घेऊन येणारा रुग्ण बहुधा दोनपैकी एका वाटेने आलेला असतो. पहिल्या वाटेवर कुरूप कापताना अंगठ्याला झालेली जखम असते, गावात दोन-तीन महिने रोज बदललेली पट्टी असते, एकामागून एक बदललेली प्रतिजैविके असतात. पण या साऱ्या काळात पायाच्या नाडीवर कोणी बोट ठेवलेले नसते. दुसऱ्या वाटेवर पायाची अँजिओप्लास्टी (धमनीत फुगा फुगवून ती उघडणे) झालेली असते, सीडीवर धमनी छान उघडलेली दिसते, रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी गेलेला असतो. मात्र जखम कोणी पाहायची, कधी खरवडायची आणि तिच्यावरचा भार कसा काढायचा हे कोणत्याच कागदावर लिहिलेले नसते. तीन-चार महिन्यांनी धमनी पुन्हा अरुंद होते आणि जखम होती तिथेच राहते. दोन्ही वाटांवर केलेले काम चुकीचे नसते, पण एका उपचाराची दुसऱ्याशी गाठच पडलेली नसते.

विदर्भातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पाऊस पडल्यावर जमिनीत वाफसा येतो तो मोजक्या दिवसांपुरता, आणि पेरणी त्यातच उरकावी लागते. गुडघ्याखालची बारीक धमनी फुग्याने उघडल्यानंतरचे पहिले तीन-चार महिने हा पायाचा वाफसा आहे. या धमन्या काही महिन्यांत पुन्हा आक्रसण्याचे प्रमाण मोठे आहे, म्हणून जखम त्याआधी भरायला हवी. हा लेख रुग्णाचे नातेवाईक, गावातील डॉक्टर आणि पट्टी बदलणाऱ्या परिचारिका यांच्यासाठी आहे. औषधांचे प्रमाण आणि शस्त्रक्रियेचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच. कोणते काम कोणाच्या आधी करायचे आणि कोणता प्रश्न केव्हा विचारायचा, एवढे इथे मांडले आहे.

पहिला टप्पा: दुखणे रक्ताचे आहे हे ओळखणे

चालताना ठरावीक अंतरावर पोटरी भरून येते आणि थांबल्यावर मोकळी होते, ही रक्तपुरवठा कमी झाल्याची सुरुवात असते. पुढे पाऊल पडल्या जागीही दुखू लागते, विशेषतः रात्री. रुग्ण सांगतात, ‘रातभर डोळ्याला डोळा लागत नाही, पाय खाटेखाली सोडला का बरं वाटते.’ हे एक वाक्य अनेक तपासण्यांच्या तोडीचे आहे, कारण पाय खाली सोडल्यावर गुरुत्वाकर्षणाने थोडे जास्त रक्त पावलात उतरते. असे दुखणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले असेल, किंवा पावलावरची जखम दोन आठवड्यांत भरायला लागली नसेल, किंवा बोट काळे पडले असेल आणि त्यासोबत धमनीचा विकार सिद्ध होत असेल, तर त्या अवस्थेत पाय गमावण्याचा धोका असतो. डॉक्टर तिला क्रिटिकल लिंब इस्केमिया किंवा अलीकडच्या नावाने लिंब थ्रेटनिंग इस्केमिया म्हणतात.

मधुमेही रुग्णांबाबत मात्र सावध राहावे लागते. मज्जातंतू बधिर झाल्यामुळे त्यांना हे रात्रीचे दुखणे जाणवेलच असे नाही. दुखत नाही म्हणजे रक्त पोहोचते आहे, असा अर्थ त्यांच्याबाबतीत काढता येत नाही.

आणखी एक फसवणूक नेहमी होते. सतत खाली सोडलेला पाय लालसर आणि सुजलेला दिसतो, तो संसर्ग समजून प्रतिजैविके सुरू होतात. रुग्णाला उताणे झोपवून पाय सुमारे मिनिटभर वर उचलून धरावा. लाली ओसरून पाऊल पांढुरके पडले तर दोष रक्तपुरवठ्याचा असण्याची शक्यता मोठी. लाली तशीच राहिली, जागा गरम आणि दुखरी असली, तर संसर्ग समजावा. दोन्ही एकत्रही असू शकतात. शंका असेल तेव्हा संसर्ग आहे असे धरून त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवावे.

एक प्रसंग मात्र या संपूर्ण लेखाच्या बाहेरचा आहे. पाय अचानक थंड आणि पांढरा पडला, असह्य दुखू लागला, मुंग्या येऊन बोटे हलेनाशी झाली, तर ती काही तासांची आणीबाणी असते. अशा वेळी गावात पट्टी, मालीश किंवा सकाळपर्यंत वाट पाहणे यांपैकी काहीही करू नये आणि रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयाकडे थेट निघावे.

विदर्भात पायाची प्रत्येक जुनी जखम धमनीचीच असते असेही नाही. इथे सिकलसेलचे (रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण बरेच आहेत आणि त्यांना घोट्याभोवती चिवट जखमा होतात. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळपायाला भोके पडतात, फुगलेल्या शिरांमुळे घोट्याच्या आतल्या बाजूला ओलसर व्रण होतात, हत्तीपायात कातडी फुटते. शिरांच्या व्रणाला आणि हत्तीपायाला घट्ट दाबपट्टी हाच मुख्य उपचार असतो. तीच पट्टी धमनी तुंबलेल्या पायाला बांधली तर उरलेसुरले रक्तही थांबते. म्हणून दाबपट्टी बांधण्यापूर्वी नाडी तपासणे टाळता येत नाही.

दुसरा टप्पा: नाडी, दाब आणि तीन आकडे

पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे, अशा दोन जागी नाडी लागते. ती बोटांना लागत नसेल तर रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारे, हातात मावणारे डॉपलर यंत्र वापरावे. घोट्याचा वरचा रक्तदाब भागिले दंडाचा वरचा रक्तदाब हा हिशेब कोणत्याही दवाखान्यात करता येतो. दंडात १५० आणि घोट्यात ६० दाब असेल तर उत्तर ०.४ येते. हे उत्तर ०.९ पेक्षा कमी असेल तर धमनीचा विकार आहे, आणि ०.४ च्या खाली गेले तर पाय गंभीर धोक्यात आहे असे समजावे.

मात्र मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचून ती पाइपासारखी कडक होते, पट्ट्याने दाबली जात नाही, आणि हेच उत्तर १.४ च्या वर किंवा दिसायला अगदी उत्तम येते. माझ्या मते नागपूर परिसरात उशीर होण्याचे सर्वांत मोठे कारण हा खोटा चांगला आकडा आहे. त्यामुळे मधुमेही रुग्णात पायाच्या अंगठ्याचा दाब मोजण्याचा आग्रह धरावा, कारण अंगठ्याच्या धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत. अंगठ्यात दाब पाऱ्याच्या ३० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर रक्त वाढवल्याशिवाय जखम भरण्याची आशा फार थोडी. ६० च्या वर असेल तर निदान रक्तामुळे ती अडणार नाही.

यानंतर तीन गोष्टींना शून्य ते तीन असे गुण द्यायचे: जखम किती, रक्ताची कमतरता किती, संसर्ग किती. अमेरिकेतील रक्तवाहिनी शल्यविशारदांच्या संघटनेने २०१४ मध्ये मांडलेली ही पद्धत जखम सांभाळणाऱ्याला आणि धमनी उघडणाऱ्याला एकाच भाषेत बोलायला लावते. उथळ, लहान जखमेला एक गुण. हाड किंवा स्नायुबंध उघडा पडला असेल किंवा बोटापुरते गँगरीन (मेलेला, काळा पडलेला भाग) असेल तर दोन. टाच किंवा अर्धे पाऊल गेले असेल तर तीन. संसर्गात जखमेभोवतीची लाली दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर एक, त्याहून पसरली किंवा आत पू अथवा हाडाचा संसर्ग असेल तर दोन, आणि ताप, वेगवान नाडी, वाढलेल्या पांढऱ्या पेशी अशी अंगभर लक्षणे असतील तर तीन.

हे तीन आकडे फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावेत. शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला जखमेचा फोटो आणि तारीख त्यालाच जोडावी. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाताना रुग्णासोबत औषधांची चिठ्ठी जाते, हे पान जात नाही. तेवढे एक पान सोबत असले तरी दुसऱ्या डॉक्टरांचे काम अर्ध्याने हलके होते.

तिसरा टप्पा: आधी काय, मग काय

सगळी सांगड या टप्प्यावर अवलंबून आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

समजा काटोलकडचे बासष्ट वर्षांचे एक संत्रा बागायतदार आले आहेत. पंधरा वर्षांचा मधुमेह, रोजचा तंबाखूचा खर्रा, उजव्या पायाचे दुसरे बोट कोरडे, काळे, सुकलेल्या शेंगेसारखे. ताप नाही, पू नाही, वास नाही. नातेवाईक म्हणतात, ‘डॉक्टरसाहेब, बोट तर गेलंच आहे, मग कापूनच टाका ना.’ हे करायचे नाही. रक्त नसलेल्या पायात बोट कापले तर कापलेली कड भरत नाही, काळेपणा पुढे सरकतो आणि एका बोटाचे अर्धे पाऊल होते. कोरडे गँगरीन कोरडेच ठेवावे: पोव्हिडोन आयोडीनचा हलका हात फिरवावा, बोटांच्या मध्ये कोरडी जाळी ठेवावी, पाय भिजवू नये, ओलावा देणारे जेल लावू नये. आधी धमनीचा तपास आणि उपचार, मग बोटाचा निर्णय.

आता त्याच गृहस्थांच्या पायात पू आहे असे धरा: पाऊल सुजलेले, दाबल्यावर घाण वास येणारा स्राव, अंगात कणकण, साखर चारशेच्या वर. इथे अँजिओप्लास्टीची तारीख मिळेपर्यंत थांबणे घातक आहे. पू त्याच दिवशी मोकळा करायचा, मेलेले आणि सडलेले तेवढेच काढायचे, जखम टाके घालून बंद करायची नाही, शिरेतून प्रतिजैविके सुरू करायची, आणि संसर्ग आटोक्यात येताच, शक्यतो एक-दोन दिवसांत, रक्तपुरवठा सुधारण्याकडे वळायचे. ही पहिली शस्त्रक्रिया पाऊल सुंदर दिसावे म्हणून नसते. पू बाहेर पडला की तिचे काम झाले. अंतिम आकार रक्त आल्यावर ठरतो.

थोडक्यात, कोरड्या पायाला रक्त आधी आणि सुरी नंतर; सडलेल्या पायाला पू काढण्यापुरती सुरी आधी, लगेच रक्त, आणि मग उरलेले काम.

पू काढताना तपासणीसाठी आतल्या ऊतीचा तुकडा पाठवावा. पृष्ठभागावरून फिरवलेल्या कापसाच्या बोळ्यात भलतेच जंतू निघतात आणि प्रतिजैविक चुकते. जखमेच्या तळाशी निर्जंतुक सळई हाडाला टेकत असेल तर हाडाचा संसर्ग गृहीत धरून एक्स-रे काढावा. मऊ भागाच्या संसर्गाला साधारण एक-दोन आठवडे प्रतिजैविक पुरते. हाड न काढता उपचार करायचे असतील तर सुमारे सहा आठवडे लागतात. जखम दिसते आहे एवढ्याच कारणाने महिनोन्महिने गोळ्या चालू ठेवण्यात अर्थ नाही, कारण संसर्ग नसलेली जखम प्रतिजैविकाने भरत नाही.

टाचेवरचा कोरडा, घट्ट बसलेला, कडेने न सुटलेला काळा खपला हाही असाच. खाली पू नसेल तर तो सोलू नये.

चौथा टप्पा: धमनी उघडण्याची तयारी

रक्ताच्या गुठळ्या रोखणारे अस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल यांपैकी एक आणि पुरेशा प्रमाणातील, कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन ही औषधे अशा प्रत्येक रुग्णाला लागतात. कोलेस्टेरॉल बरे आले म्हणून स्टॅटिन बंद करू नये. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि (मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी) क्रिएटिनिन तपासावे. सीटी अँजिओग्राफीत धमन्यांचे चित्र घेण्यासाठी दिलेल्या रंगद्रव्याने दुबळ्या मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो, त्यामुळे मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असल्याचे आणि लघवीचा जुना त्रास असल्याचे आधीच सांगावे. पायाच्या धमन्या तुंबलेल्या माणसाच्या हृदयाच्याही तुंबलेल्या असू शकतात, म्हणून ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी होते. नातेवाईकांनी तो वायफळ खर्च समजू नये.

खर्ऱ्याबद्दल मोकळेपणाने बोलायला हवे. विडी सोडली असे सांगणारे रुग्ण सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा तोंडात धरूनच बाहेरच्या बाकावर बसलेले असतात. त्यांच्या हिशेबी तो तंबाखू नसतो. निकोटीन धुरातून येवो की गालातून, धमनी आवळतेच. तिशी-चाळिशीतल्या, मधुमेह नसलेल्या पुरुषाची बोटे काळी पडू लागली तर बर्गरचा आजार मनात आणावा. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये वर्णन केलेला हा विकार तंबाखूशी इतका घट्ट बांधलेला आहे की तंबाखू पूर्ण सुटल्याशिवाय कोणताही उपचार टिकत नाही, आणि त्यात पावलाजवळच्या बारीक धमन्या बंद होत असल्याने बायपास (अडथळ्याला वळसा घालून रक्त नेणारी शीर) जोडायला जागाही अनेकदा उरत नाही. भंडारा-गोंदियाकडे विडीचा धंदा घराघरांत आहे. तिथून येणाऱ्या रुग्णाला ‘तंबाखू बंद’ एवढे सांगून भागत नाही, घरच्या माणसांनाही समोर बसवावे लागते.

खर्चाची चौकशी याच टप्प्यावर करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयांत आरोग्यमित्राचा कक्ष असतो. आधार आणि शिधापत्रिका घेऊन तिथे दोन वेगळे प्रश्न विचारावेत: धमनीचा उपचार बसतो का, आणि नंतरची जखमेची शस्त्रक्रिया किंवा त्वचारोपण बसते का. पहिल्याचे उत्तर मिळाले की लोक उठून जातात आणि महिन्याभराने दुसऱ्यापाशी अडतात.

पाचवा टप्पा: फुगा की बायपास

या प्रश्नावर अलीकडे दोन मोठे अभ्यास झाले आणि त्यांची उत्तरे वरवर उलट आली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेस्ट-सीएलआय अभ्यासात, ज्यांच्या पायातली मोठी शीर बायपाससाठी चांगली होती त्यांच्यात आधी बायपास केल्यास पायावर मोठे संकट येण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण सुमारे ४३ टक्के राहिले, तर आधी अँजिओप्लास्टी केलेल्यांत ते सुमारे ५७ टक्के होते. त्यानंतर २०२३ मध्ये आलेल्या बॅसिल-२ अभ्यासात गुडघ्याखालच्या धमन्यांचे ३४५ रुग्ण होते. त्यात मोठा पाय कापावा लागणे किंवा मृत्यू यांचे प्रमाण आधी शिरेचा बायपास केलेल्यांत ६३ टक्के, तर आधी फुगा वापरलेल्यांत ५३ टक्के आले. यावरून कोणता एक उपचार श्रेष्ठ असा निष्कर्ष निघत नाही. शीर चांगली, माणूस दणकट, अडथळा लांबलचक आणि खाली धमनी मोकळी असेल तर बायपासचा विचार गंभीरपणे व्हावा. माणूस अशक्त, हृदय कमजोर किंवा शीर बारीक असेल तर फुगा बरा. तेव्हा डॉक्टरांना विचारण्याजोगा पहिला प्रश्न हा: पायाच्या शिरेची सोनोग्राफी झाली का, आणि ती बायपाससाठी चालेल का? याच कारणासाठी अशा रुग्णाच्या पायाच्या शिरेत सलाईन लावू नये.

दुसरा प्रश्न जखमेशी जोडलेला आहे. इयान टेलर आणि पामर यांनी १९८७ मध्ये दाखवले की शरीराचा प्रत्येक भाग एका ठरावीक धमनीच्या वाट्याचा असतो. पावलाची वरची बाजू पोटरीतल्या तीन धमन्यांपैकी पुढच्या धमनीची, तळपाय आणि टाचेचा आतला भाग मागच्या धमनीचा, टाचेची बाहेरची कड तिसरीची. मांडीतली मोठी धमनी उघडली तरी पोटरीतल्या तिन्ही बंद राहिल्या तर टाचेच्या जखमेला त्याचा उपयोग बेताचाच. शक्य असेल तिथे जखमेच्या वाट्याची धमनी उघडावी. ती जमत नसेल तर पावलातल्या धमन्यांच्या कमानीतून वळसा घेऊन रक्त येईल अशी दुसरी निवडावी. काम संपल्यावर ‘धमनी उघडली’ या उत्तरावर थांबू नये. पावलापर्यंत सरळ वाहणारी निदान एक नळी मिळाली का, आणि ती जखमेच्या बाजूची आहे का, हे कागदावर लिहून घ्यावे.

स्टेम सेल आणि शिरेतून देण्याच्या ‘धमनी धुण्याच्या’ सलाईनच्या जाहिराती शहरात दिसतात. धमनी उघडण्याचा मार्ग शिल्लक असताना त्यांच्यात पैसा घालवू नये; वेळ तर त्याहूनही नाही.

सहावा टप्पा: पहिले काही दिवस

अँजिओप्लास्टीनंतर जांघेतील टोचलेली जागा, पावलाची ऊब आणि नाडी यांवर लक्ष ठेवतात. रक्त परत आल्यावर पाय काही दिवस सुजतो आणि ठणकतो. मात्र पोटरी दगडासारखी ताठ झाली, बोटे हलवताना असह्य दुखू लागले, तर ताबडतोब सांगावे, कारण स्नायूंच्या आवरणाखाली दाब वाढत असेल तर ते उघडावे लागते.

जखमेचे खरे काम आता सुरू होते. संसर्ग असलेली जखम एक-दोन दिवसांतच पुन्हा साफ करावी. कोरडे बोट असेल तर घाई नको: फुग्यानंतर त्वचेतला प्राणवायू एका दिवसात पूर्ण वाढत नाही, तो पुढचे तीन-चार आठवडे हळूहळू वाढत जातो, आणि त्या काळात जिवंत आणि मेलेल्या भागांमधली रेषा स्पष्ट होते. त्या रेषेवर बोट काढले तर कमी काढावे लागते. मात्र ही वाट पाहणे साप्ताहिक तपासणीसह असले पाहिजे; ओलावा, वास किंवा लाली आली की वाट पाहणे संपले.

रक्त गोठण्याविरुद्धच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. २०२० मध्ये व्हॉयेजर पॅड अभ्यासात, धमनी उघडलेल्या रुग्णांना अस्पिरिनसोबत रिव्हॅरोक्सॅबान २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिल्यावर पायावरची मोठी संकटे कमी झाली, मात्र रक्तस्राव काहीसा वाढला. कोणाला द्यायचे हे डॉक्टर ठरवतील. दात काढताना किंवा गावातल्या दवाखान्यात ‘रक्त पातळ आहे’ म्हणून कोणी त्या थांबवायला सांगितल्या, तर आधी रक्तवाहिनी तज्ज्ञाला फोन करावा.

सातवा टप्पा: बारा आठवड्यांची जखम

स्वच्छ सलाईनने धुणे, मेलेले भाग टप्प्याटप्प्याने काढणे, आणि जखमेच्या ओलाव्याप्रमाणे पट्टी निवडणे, एवढ्यावर बरेचसे काम होते. फार पाझरणाऱ्या जखमेला फोम किंवा अल्जिनेट, कोरड्या आणि आता रक्त असलेल्या जखमेला हायड्रोजेल. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस रोज उडवण्याने नव्याने उगवलेले लाल मांसांकुरच जळतात. रुईचा चीक, राख, हळदीचा जाड थर, गरम पाण्याचा शेक आणि औषध लावलेल्या कुरुपाच्या पट्ट्या यांना पूर्ण मनाई. हवा खेचून घेणारी पट्टी मोठ्या, साफ केलेल्या जखमेला फार उपयोगी पडते, पण रक्त पोहोचल्यानंतरच. त्याआधी लावली तर काळेपणा वाढू शकतो.

पट्टीपेक्षा मोठा प्रश्न भाराचा आहे. बधिर तळपायाच्या जखमेवर माणूस पुन्हा पुन्हा पाऊल टाकतो आणि रोज भरलेले रोज तुटते. पूर्ण प्लास्टरचा बूट भार उत्तम काढतो, परंतु रक्त अजून कमी असेल किंवा संसर्ग असेल तर जखम रोज पाहता यावी म्हणून काढता-घालता येणारा बूट वापरावा. टाचेला जखम असल्यास उशी पोटरीखाली ठेवावी, टाच हवेत राहील अशी. टाचेखाली मऊ उशी ठेवणे म्हणजे भार काढणे नव्हे. कुष्ठरोगाच्या कामाने विदर्भाला एमसीआरच्या (सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या) मऊ चपला ओळखीच्या करून दिल्या आहेत. जखम भरल्यानंतर बधिर पायाला त्याच चपला घरातही घालाव्यात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, आणि देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी दोन प्रदक्षिणा घातल्याने भाजलेले तळपाय उन्हाळ्यात हमखास येतात. दर्शनाला सुती मोजे चालतात का हे पुजाऱ्यांना विचारावे. बहुतेक ठिकाणी कोणी अडवत नाही. हिवाळ्यात शेकोटी आणि गरम पाण्याची पिशवी तितकीच धोक्याची.

जखम भरायला प्रथिने लागतात, साधारणपणे वजनाच्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम. वरण, अंडी, दही, चणे-शेंगदाणे यांतून ती मिळतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारावे. साखर वाढेल या भीतीने मधुमेही माणसाला नुसत्या भाकरी-भाजीवर ठेवणारी घरे अनेक आहेत, आणि त्यांच्या जखमा रेंगाळतात.

आता मोजमाप. दर आठवड्याला त्याच मोजपट्टीने लांबी आणि रुंदी मोजून गुणाकार लिहावा. चार आठवड्यांत तो निम्म्यावर आला तर वाट बरोबर आहे. नाही आला तर पट्टी बदलण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात: धमनी पुन्हा अरुंद झाली का, हाडात संसर्ग लपला आहे का, रुग्ण खरोखर भार काढतो आहे का. यांत पहिली तपासणी बहुतेक जण शेवटी करतात. माझ्या मते ती आधी व्हावी, कारण अंगठ्याचा दाब आणि डॉपलर सोनोग्राफी एका सकाळी उरकते, आणि आक्रसलेली धमनी पूर्ण बंद होण्याआधी पुन्हा उघडणे सोपे असते.

गडचिरोली, बालाघाट किंवा छिंदवाड्याहून येणाऱ्या माणसाला दर आठवड्याला नागपूर गाठणे परवडत नाही. अशा वेळी गावाजवळच्या आरोग्य केंद्रातील परिचारिकेला लेखी सूचना द्यावी: कोणती पट्टी, किती दिवसांनी, काय करायचे नाही. आठवड्याला एक फोटो ठरलेल्या फोनवर यावा, आणि नागपूरची फेरी महिन्यातून एकदा अशी आखावी की जखम आणि धमनी दोन्ही त्याच दिवशी पाहून होतील. दोन तज्ज्ञांच्या तारखा वेगवेगळ्या दिल्या की त्यांपैकी एक चुकते, आणि चुकते ती बहुधा धमनीची.

पाय कापणे केव्हा योग्य

सगळे पाय वाचत नाहीत. संसर्गाने जीव धोक्यात आला असेल, पाऊल वापरता येणार नाही इतके गेले असेल, किंवा रुग्ण आधीपासूनच अंथरुणाला खिळून गुडघा आखडलेला असेल, तर महिनोन्महिने शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया करण्यापेक्षा कापणे अधिक माणुसकीचे ठरते. पण कापण्याआधीही रक्तपुरवठा तपासावा, कारण गुडघा वाचला तर कृत्रिम पायावर चालणे कितीतरी सोपे होते. रक्तवाहिनी तज्ज्ञाने एकदाही न पाहता मांडीतून पाय काढायला सांगितला असेल, आणि रुग्णाची प्रकृती तेवढा वेळ देत असेल, तर दुसरे मत घेण्याचा पूर्ण अधिकार रुग्णाला आहे.

जखम भरल्यानंतर

धमनीची सोनोग्राफी पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात करून घ्यावी, जखम पूर्ण भरली असली तरीही. रात्रीचे दुखणे परतले, भरलेली जागा निळसर पडली किंवा नवी जखम झाली तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. दुसऱ्या पायाच्याही धमन्या त्याच माणसाच्या आहेत. प्रत्येक फेरीत दोन्ही मोजे काढायला लावावेत, बोटांच्या फटी पाहाव्यात, चप्पल उलटी करून तिच्यात खिळा किंवा खडा अडकलेला नाही ना ते पाहावे, आणि नखे सरळ कापली आहेत का हे तपासावे. कुरूप आणि घट्टे घरी ब्लेडने कापायचे नाहीत, हे रुग्णाला आणि ब्लेड हाती घेणाऱ्या नातवालाही सांगून ठेवावे.